देवाघरचा पत्ता

बालवाडीची पहिली चिठ्ठी आली तेव्हा निलोफर चहा गाळत होती. तिनं एका हातानं चिठ्ठी वाचली आणि दुसऱ्या हातानं गाळतच राहिली. कप भरला, बशी भरली, चहा ओट्यावरून खाली आला, तरी बाईचा हात काही थांबेना. शेवटी सासूनं, रहिमाबीनं, मनगट धरलं.

"काय लिखेल शे त्या चिठ्ठीमा?" रहिमाबीनं विचारलं. रहिमाबी घरात हिंदी बोलायची, पण घाबरली, चिडली किंवा हरखली की बरेचदा सरळ अहिराणीवर यायची.

निलोफरनं वाचून दाखवलं. 'सैफने आज डबा उघडला नाही. खेळला नाही. कोणाशी बोलला नाही. घरी वडिलांबद्दल काही विचारतो का, ते कळवावे. – कोकिळा.' लाइटबिल वाचावं तसं तिनं ते वाचलं, घडी घातली आणि मिठाच्या बरणीखाली ठेवून दिलं. मग ओटा पुसायला घेतला.

पारोळ्यात किल्ल्याच्या अंगाला दोन खोल्यांची ती बालवाडी, आणि तीस वर्षं तिथं एकच बाई, कोकिळाबाई. या बाईला चिठ्ठ्या लिहायची भारी खोड. कॅलेंडरच्या जुन्या पानांचे तुकडे करून त्यांच्या पाठीवर लिहायची आणि पोराच्या दप्तरात सारायची. मोबाइल आले, ग्रुप झाले, तरी बाईंची चिठ्ठी काही सुटली नाही. पोराला जंत झालेत, औषध द्या. नखं कापा. पोर घरच्या शिव्या इथं देतं, बापानं तोंड सांभाळावं. गल्लीतले बाप कोकिळाबाईंच्या चिठ्ठीला टरकून असत. निलोफरचा नवरा नासीर मात्र खूश असायचा. सैफला तिथं घालायचा हट्ट त्याचाच होता. पोरगं बालवाडीत जाऊन घरातही फाडफाड मराठी बोलायला लागलं, तर हा गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून ऐकवायचा.

नासीर गादीवाला. बाजाराच्या रस्त्यावर कापूस पिंजायचं मशीन, मागं शिलाई, माळ्यावर गाद्यांची थप्पी. दोन महिन्यांपूर्वी टेम्पोत गाद्या घालून धुळ्याला निघाला आणि हायवेवरच संपला. पुढचं काय सांगावं. निरोप सकाळी दहाला आला, आणि घरातल्या मोठ्या माणसांनी जे पहिलं काम केलं ते हे, की सैफला उचललं आणि आत्याबरोबर बोदवडला रवाना केलं. लेकराला कशाला दाखवायचं, असं सगळ्यांचं एका मिनिटात ठरलं. इतर गोष्टींवर याच लोकांचं चार-चार दिवस एकमत होत नाही.

बारा दिवसांनी सैफ परत आला. घरात शिरताच त्यानं मोरीत बघितलं, माळ्यावर बघितलं, मग विचारलं, "अब्बू?"

"गावाला गेले," रहिमाबी म्हणाली. कोणत्या गावाला, ते तिनं सांगितलं नाही.

निलोफर तिथंच बसली होती. ती काहीच बोलली नाही. खरं तर त्या दिवसापासून ती कशालाच काही बोलत नव्हती. इद्दत चालू होती, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, तसं. पण बाहेर जायला कोणी सांगितलं असतं तरी ती गेली असती की नाही कोण जाणे. बायका येत, तिला मिठीत घेत, "रो ले बेटी, रो ले" म्हणत. ती जिच्या तिच्या खांद्यावर डोकं ठेवी आणि वाट बघे. रडू येत नसे. बायकांनाच बिचाऱ्यांना रडून रडून तहान लागे, आणि मग हीच उठून त्यांना पाणी देई. गरम तव्याला बोट लागलं तरी तिला जरा वेळानं कळायचं. दुःख झालंय असंही तिला वाटत नव्हतं, आणि त्याचीच तिला मधूनमधून लाज वाटायची.

चिठ्ठ्या येत राहिल्या. सैफनं डबा परत आणला. सैफ खिडकीजवळ बसतो. सैफला चित्र काढ म्हटलं, तर त्यानं कागद घडी करून परत दिला. निलोफर प्रत्येक चिठ्ठी वाचे, बरणीखाली सारे. बरणी एका बाजूला कलायला लागली. उत्तर तिनं एकाही चिठ्ठीला लिहिलं नाही. काय लिहिणार? घरी विचारतो का? हो, विचारतो. आम्ही काय सांगतो? गावाला गेलेत.

मग एक दिवस वेगळीच चिठ्ठी आली. 'आज सैफ पोटभर हसला! आज "कोणाचं घर कोणतं" शिकवलं. सगळा डबा खाल्ला. शेजारच्या मुलाचाही खाल्ला.'

रहिमाबीनं ती चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. "दख माय, पोऱ्या हासना आज! लहान जीव शे. इसरी जाई." असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारी जाऊन दोन घरी सांगून आली.

आणि खरंच, पोरगं बदललं. सकाळी स्वतःहून उठायला लागलं. केसांना पाणी लावून भांग पाड म्हणायला लागलं. ईदचा सदरा घालायचा म्हणून एके दिवशी त्यानं घर डोक्यावर घेतलं. आणि एक नवंच खूळ निघालं: "अम्मी, चार कधी वाजतात?" दुपारी एकला विचारी, दीडला विचारी, दोनला विचारी. चार वाजले की मोठ्यानं श्वास सोडून म्हणे, "आज पण राहिलं." रहिमाबीला वाटलं, टीव्हीवर काही लागत असेल. निलोफरला काही वाटलं नाही. तिनं त्याला घड्याळातला चारचा आकडा दाखवला आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

शुक्रवारी साडेबाराला फोन वाजला. कोकिळाबाई होत्या. "सैफ घरी पोचला का? सुटताना गुंताबाई एकेकाला ज्याच्या त्याच्या हातात देते हो, आज पाणी प्यायला वळली आणि तेवढ्यात..." गुंताबाई म्हणजे बालवाडीची मदतनीस. मागून तिच्या रडण्याचा आवाज येत होता.

"नाही," निलोफर म्हणाली, आणि फोन सासूच्या हातात दिला.

रहिमाबी तशीच पायात चपला सरकवून धावली. "पोऱ्या कथा गया व बाई? तुमना भरोसावर धाडतस आम्ही!" गल्लीच्या टोकापासून तिचा आवाज ऐकू येत होता. निलोफर उंबऱ्यापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. तिला भीती वाटायला हवी होती. तिनं वाट बघितली, पण भीती आली नाही. शेवटी आपल्याला भीती वाटत नाही या गोष्टीचीच तिला एवढी धास्ती बसली, की ती खाली बसली.

अर्ध्या तासानं रहिमाबी परत आली. कडेवर सैफ, ईदच्या सदऱ्यात, हातात खोबऱ्याचा तुकडा. मागून कोकिळाबाई, घामानं भिजलेल्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा हातात धरून.

"मारुतीच्या देवळात बसला होता," रहिमाबी म्हणाली. तिचा राग कुठंतरी वाटेतच गळून गेला होता. "पायरीवर. चपला काढून, नीट मांडून."

देऊळ बालवाडीच्या समोरच. तिथले भटू गुरव नासीरकडूनच वातींसाठी कापूस न्यायचे, त्यामुळे त्यांनी पोराला ओळखलं. सैफ त्यांना म्हणाला होता, "आमच्या अब्बूंना बाहेर पाठवा." मागच्या आठवड्यातही एकदा सुटताना हे पोरगं रस्ता ओलांडून आलं होतं, हेच विचारत होतं. तेव्हा त्यांनी आपलं सांगून टाकलं होतं, की आता दार बंद आहे, देवाची झोपायची वेळ आहे, चारला उघडतं. आज पोरगं म्हणालं, मी चारपर्यंत इथंच बसतो. मग त्यांनी खोबरं दिलं आणि बालवाडीत हाक मारली.

निलोफरनं सैफला आतल्या खोलीत बसवलं. त्यानं जाता जाता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "चारला मला सोडून या हं," तो म्हणाला. "गुरवबाबा उघडणार आहेत."

कोकिळाबाई खाली चटईवरच बसल्या. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाची नाही. तो बोदवडहून परत आला त्याच आठवड्यात वर्गातलं एक कार्टं त्याला काहीतरी बोललं, घरी ऐकलेलं असणार. सैफ माझ्याकडं आला. मी म्हटलं, नाही रे राजा, तुझे अब्बू देवाघरी गेलेत. तीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलेय. आजी गेली, देवाघरी. भाऊ गेला, देवाघरी. कोणत्याच पोरानं मला कधी पत्ता विचारला नाही हो."

रहिमाबीनं पाण्याचा पेला पुन्हा त्यांच्याकडं सरकवला.

"मग आला तो घरांचा तक्ता. चिमणीचं घर घरटं, कोंबडीचं घर खुराडं, देवाचं घर देऊळ. सैफनं विचारलं, देवाचं घर कुठंय? मी आपली खिडकीतून बोट दाखवलं. ते काय, समोर! आणि तो हसला." त्यांनी चष्मा घातला आणि पुन्हा काढला. "इतका हसला, की मी बाकीच्या पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. आणि तुम्हाला चिठ्ठी लिहिली. मला वाटलं, माझ्या तक्त्यानं केलं."

आता राग कोणाचा करायचा? त्या पोराला समोर खिडकीत रोज बाप बसलेला दिसत होता, फक्त दार बंद होतं. त्यानं डबा खाल्ला नसता तरच नवल.

"एकदा दाखवून आणू का?" रहिमाबी हळूच म्हणाली. "चारला उघडतील. आत कोणी नाही हे दिसेल. मग विसरेल."

"नाही आजी," कोकिळाबाई म्हणाल्या. "मग तो म्हणेल, अब्बू होते, पण मला भेटले नाहीत. किंवा म्हणेल, मी उशिरा गेलो म्हणून निघून गेले. पोरं दोष स्वतःवर घेतात. मी बघितलंय." त्या निलोफरकडं वळल्या. "त्याला सांगावं लागेल. तुम्हालाच. मी सांगितलं तर शाळेतलं काहीतरी वाटेल. आणि साध्या शब्दात सांगा. गेले म्हणू नका, गेलेला माणूस परत येतो. झोपले म्हणू नका, मग तो झोपायला घाबरेल. मेले म्हणा."

"या अल्लाह," रहिमाबीनं दोन्ही कानांना हात लावले. "पोऱ्याना तोंडवर असा शब्द!"

"कठोर आहे, आजी. पण त्यातून दुसरा अर्थ निघत नाही."

कोकिळाबाई गेल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. निलोफर चटईवर बसून राहिली. तिच्या लक्षात आलं, की हा शब्द या घरात दोन महिन्यांत एकदाही कोणी उच्चारला नव्हता. मौलाना म्हणाले, इंतकाल. शेजारणी म्हणाल्या, गुजर गए. पोलीस पाटील म्हणाले, वारले. दवाखान्याच्या कागदावर इंग्रजीत काहीतरी होतं. ती स्वतः तर काहीच म्हणाली नव्हती. एवढे लोक येऊन गेले, आणि एवढा मोठा शब्द सगळ्यांनी मिळून बाहेर चपलांजवळ ठेवला होता.

ती आत गेली. सैफ पलंगावर पाय हलवत बसला होता. खोबरं संपलं होतं.

"वाजले?"

"नाही. सैफ, आपण देवळात नाही जायचं."

"का? तू नको येऊ. दादी येईल."

"अब्बू तिथं नाहीत."

"आहेत. बाईंनी सांगितलं."

"बाई चुकल्या. त्यांनी आत्ता मला सांगितलं, मी चुकले म्हणून."

सैफनं तिच्याकडं असं बघितलं, की बाई चुकतात हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. "मग कुठं आहेत?"

निलोफरनं तोंड उघडलं. तिनं पलंगाची कड धरली.

"अब्बू मेले," ती म्हणाली.

सैफचा चेहरा सैल झाला, जवळजवळ हसराच झाला. "हां," तो म्हणाला. "गुंताबाई मला पण रोज मेल्या म्हणते. मेल्या, नाक पूस. मेल्या, चप्पल घाल. मी तर येतो ना घरी."

घ्या आता! दुसरा अर्थ निघत नाही म्हणे. निलोफरच्या गालाचा एक स्नायू हलला. हसू होतं की काय होतं, तिलाही कळलं नाही. दोन महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं होतं.

"ते वेगळं," ती म्हणाली. "ते लाडानं, रागानं, उगाच म्हणतात. ते खोटं असतं. हे खरं मेले."

"खरं म्हणजे?"

"खरं म्हणजे... टेम्पोला धडक बसली. अब्बूंना खूप लागलं. डॉक्टरांना बरं करता आलं नाही. मग त्यांचं अंग बंद पडलं. श्वास बंद. डोळे बंद. सगळं."

"मशीनसारखं?"

"मशीन दुरुस्त होतं. माणूस नाही होत."

सैफनं पाय हलवायचे थांबवले होते. "आता ते कुठंयत?"

"कब्रस्तानात. मातीत ठेवलंय त्यांना."

"मातीत श्वास कसा घेतात?"

"घेत नाहीत. म्हणूनच तर मेले म्हणतात."

"भूक?"

"नाही लागत."

"दुखतं?"

"नाही. आता काहीच दुखत नाही त्यांना." हे तिनंही आजवर स्वतःला सांगितलेलं नव्हतं. टेम्पोच्या खाली त्याला किती वेळ दुखत असेल, एवढंच ती दोन महिने भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, काही न वाटता मोजत होती.

"तू बोलावलंस तर?" सैफ म्हणाला.

"नाही येणार."

"दादीनं बोलावलं तर?"

"नाही."

सैफ पलंगावरून खाली उतरला. तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, दोन्ही हात तिच्या गुडघ्यांवर ठेवून. त्यानं आवाज हळू केला, जणू सगळ्यांना टाळून त्या दोघांनीच करायची गोष्ट होती. "मी बोलावलं तर?"

निलोफरला त्या क्षणी खोटं बोलावंसं वाटलं. कोणतंही. गाव, देऊळ, झोप, काहीही चाललं असतं.

"नाही रे बेटा," ती म्हणाली. "तू बोलावलंस तरी नाही."

सैफनं हात काढून घेतले. त्याच्या कपाळावर आठी पडली, अगदी मोठ्या माणसासारखी. तो रडेल असं तिला वाटलं, पण तो रडला नाही. तो चिडला.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू बोदवडला गेलास त्या दिवशी."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?" त्यानं तिच्या मांडीवर बुक्की मारली. "मी रोज खिडकीत बसायचो! रोज बघायचो! तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि मी एकटाच वाट बघत होतो!"

दुसरी बुक्की बसली, तिसरी बसली. चांगली लागली. लागतंय हे तिला लगेच कळलं, जरा वेळानं नाही. तिनं त्याचे हात धरले नाहीत.

"एकटा नाही," ती म्हणाली. "मी पण बघत होते."

सैफची मूठ वरच राहिली. "तुला तर माहीत होतं."

"माहीत होतं. तरी बघत होते."

बाहेर देवळातली घंटा वाजली. दार उघडलं असावं. सैफनं मान वळवून ऐकलं. जागचा हलला मात्र नाही.

"आता नाही बघायची?" त्यानं विचारलं.

"नाही, सैफ. आता नाही बघायची."

मग त्यानं जे भोकाड पसरलं, ते गल्लीनं ऐकलं. चार वर्षांच्या छातीत एवढा आवाज कुठून आला देव जाणे. रहिमाबी स्वयंपाकघरातून धावत आली, "चुप करा उसको, बहू, चुप करा," म्हणत त्याच्याकडं हात पसरून. निलोफरनं सैफला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं, आणि तिचं नाक, हनुवटी, ओढणी, सगळं ओलं झालं होतं.

"रडू द्या, अम्मा," ती म्हणाली. "त्याचा बाप मेलाय."